बोलोन्यात काय खावे आणि कुठे खावे

इटलीत मिलान ते फ्लॉरेन्स या मार्गावर वेगवान गाडी बोलोन्या या शहरात थांबते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्रवासी ते स्थानक खिडकीतूनच पाहतात. आम्ही गेल्या नोव्हेंबरात केवळ जेवणासाठी तेथे मुक्काम केला. मिलानहून सुमारे एक तास आणि फ्लॉरेन्सहून पाऊण तासाच्या आत गाडी पोहोचते, त्यामुळे ज्यांना मुक्काम शक्य नाही त्यांनाही दुपारच्या जेवणापुरते उतरून संध्याकाळी पुढे जाता येईल. स्थानकातून व्हिया देल्लिंदिपेन्देन्सा या सरळ रस्त्याने, कमानींच्या छताखालून, वीस-पंचवीस मिनिटांत पियात्सा माज्जोरे हा मुख्य चौक येतो, आणि पाऊस असला तरी छत्रीची फारशी गरज पडत नाही.

या शहराच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे स्फोल्या, अर्थात मैदा आणि अंडे यांची हाताने लाटलेली पातळ पारी. साधारण शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे हे प्रमाण असते. पाण्याचा थेंबही न घालता कणीक मळतात, झाकून ठेवतात आणि मग जवळजवळ मीटरभर लांबीच्या लाटण्याने लाकडी फळीवर लाटतात. हे काम करणाऱ्या स्त्रियांना स्फोल्यीने म्हणतात आणि शहरात त्यांना मोठा मान आहे. लाकडावर लाटल्यामुळे पारीला किंचित खरखरीतपणा येतो आणि रस्सा तिला धरून राहतो. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पट्टीवरून तो घसरतो. म्हणून खाणावळ निवडताना आमचा पहिला प्रश्न हाच असे की स्फोल्या येथेच लाटली जाते का. ज्या ठिकाणी दारात सहा भाषांतील छायाचित्रयुक्त पत्रक लावलेले असते आणि त्यात ‘स्पगेटी बोलोनीझ’ हे नाव असते, तेथे आम्ही आत गेलो नाही. बोलोन्यात रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, पारंपरिक रीतीने ताल्यातेल्ले या रुंद, अंड्याच्या पट्ट्यांसोबत खातात.

या पट्ट्यांच्या रुंदीबाबत शहर किती काटेकोर आहे ते पाहून मला फार आनंद झाला. 1972 मध्ये बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात तिचे अधिकृत माप नोंदवले गेले: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातील असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. रागूची कृतीही 1982 मध्ये तेथेच नोंदवली गेली आणि 2023 मध्ये ती सुधारण्यात आली. त्यात गोमांस, पांचेत्ता म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, कांदा, गाजर, सेलरी, वाइन आणि बेताचा टोमॅटो असतो. टोमॅटो कमी असल्यामुळे त्याचा रंग लाल नसून तपकिरी दिसतो, आणि तो मंद आचेवर बराच वेळ शिजलेला असतो. ताटातला रागू लालभडक आणि पातळ असेल, तर दुसऱ्या दिवशी दुसरी खाणावळ शोधावी.

तरीही मला एकच पदार्थ निवडावा लागला, तर मी तोर्तेल्लीनी इन ब्रोदो निवडेन. बोटाच्या पेराएवढ्या या गुंडाळ्यांच्या सारणाची कृती 1974 मध्ये नोंदवलेली आहे. त्यात डुकराच्या कमरेचे मांस, प्रोश्शुत्तो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड, शिजवलेले सॉसेज), पार्मिज्यानो रेज्यानो चीज, अंडे आणि जायफळ असते. आपल्या पुरणपोळीप्रमाणेच येथेही खरी परीक्षा पारी पातळ असूनही सारण बाहेर न येण्यात आहे. हे तोर्तेल्लीनी कोंबडी आणि गोमांस यांच्या स्वच्छ, सोनेरी रश्शात वाढतात, आणि त्यावर चीजखेरीज काहीच लागत नाही. पत्रकावर मलईच्या सॉसमधले तोर्तेल्लीनीही बहुधा दिसतील, परंतु मलईखाली सारणातील जायफळाचा आणि मांसाचा सूक्ष्म स्वाद दडपून जातो. पहिल्या वेळी तरी रश्शातलेच मागवावेत. हा हिवाळ्याचा पदार्थ आहे, नाताळाला तो घरोघरी असतो, आणि केवळ त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता ठिकाणे. व्हिया देल्ले बेल्ले आर्तीवरील त्रात्तोरिया (म्हणजे घरगुती खाणावळ) आन्ना मारिया येथे हाताने लाटलेला पास्ता उत्तम मिळतो. रात्रीसाठी आधी जागा राखून ठेवावी. स्थानकाच्या मागच्या बाजूस, बोलोन्यीना या वस्तीतील त्रात्तोरिया दी व्हिया सेर्रा थोडी आडबाजूला आहे, मात्र तेथील लोक कच्च्या मालाची निवड फार जिव्हाळ्याने करतात, आणि तेथेही आरक्षणाशिवाय जाण्यात अर्थ नाही. व्हिया कास्तील्योनेवरील स्फोल्या रीना हे दुकानही आहे आणि खाणावळही. दुपारी रांग लागते, म्हणून साडेबाराच्या आधी पोहोचावे. विद्यार्थ्यांच्या भागातील ओस्तेरिया देल्लोर्सा येथे अनोळखी लोकांसोबत एकाच मेजावर बसावे लागते, परंतु माफक पैशांत पोटभर रागू मिळतो. ज्यांना एकाच बैठकीत अनेक प्रकार चाखायचे असतील त्यांनी ‘बिस’ किंवा ‘त्रिस’ मिळते का ते विचारावे. त्यात दोन किंवा तीन प्रकारचे पास्ते थोडे थोडे येतात. अनेक खाणावळी ते किमान दोन जणांसाठीच देतात.

चौकाला लागूनच क्वाद्रिलातेरो हा जुन्या बाजारगल्ल्यांचा भाग आहे. व्हिया पेस्केरिए वेक्ये आणि व्हिया काप्रारीए या गल्ल्यांत मासे, भाज्या, चीज आणि मोर्तादेल्ला यांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. मोर्तादेल्ला शुद्ध डुकराच्या मांसाची असते, तिच्यात चरबीचे पांढरे चौकोन दिसतात, आणि ती कशी करावी याचे नियम 1661 मध्येच जाहीरनाम्याने ठरवून दिले गेले होते. शंभर ग्रॅम ताजी कापून घ्यावी, सोबत पाव आणि चीज घ्यावे आणि जवळच्याच व्हिकोलो रानोक्की या अरुंद गल्लीतील ओस्तेरिया देल सोले गाठावी. 1465 पासून चालत आलेल्या या मद्यगृहात खाद्यपदार्थ मिळत नाहीत. पेय तेथे घ्यायचे आणि खाणे आपले न्यायचे, अशी रीत आहे. पांढरी, किंचित फसफसणारी पिन्योलेत्तो वाइन तेथे मोर्तादेल्लासोबत छान जुळते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी पथ्याची बाजू स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. गोमांस न खाणाऱ्यांनी रागू, रस्सा आणि वासराच्या मांसाची कोतोलेत्ता टाळावी. त्यांच्यासाठी ग्रामीन्या हा आखूड, वळणदार पास्ता डुकराच्या सॉसेजसोबत मिळतो. शाकाहारी व्यक्तींसाठी रिकोत्ता चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी लोणी आणि सेज पानांसोबत मिळतात, आणि ते खरोखर पोटभर व चविष्ट असतात, परंतु पारीत अंडे असतेच. बालान्झोनी हे हिरवे तोर्तेल्लोनी दिसायला शाकाहारी वाटतात, तरी त्यांच्या सारणात बहुधा मोर्तादेल्ला असते. कांदा-टोमॅटोचे फ्रिज्जोने आणि क्रेशेन्तीने या पुऱ्यांसारख्या तळलेल्या चकत्या यांत पारंपरिक कृतीनुसार डुकराची चरबी असते. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे ही चरबी आहे का, असे थेट विचारल्यास स्वच्छ उत्तर मिळते. पार्मिज्यानोत वासराच्या जठरातील विरजण वापरतात, ही गोष्टही काटेकोर शाकाहारींनी लक्षात घ्यावी.

वेळेचे भान ठेवावे लागते. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या काळात चांगल्या त्रात्तोरिया बंद असतात, त्यामुळे चार वाजता भूक लागल्यास बाजारातील दुकानांवरच भागवावे. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले असतात आणि पिण्याचे पाणी बहुधा बाटलीतून विकत येते. अनेक ठिकाणे रविवारी किंवा सोमवारी बंद असतात, आणि ऑगस्टच्या मध्यात तर अनेक खाणावळी सुट्टीवर जातात. म्हणून तारखा ठरल्या की आधी जागा राखावी आणि मगच गाडीचे तिकीट काढावे.