ईसीएचएलचा गुणतक्ता वाचताना

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत एनएचएल सर्वांत वर, तिच्याखाली एएचएल आणि तिसऱ्या पायरीवर ईसीएचएल अशी रचना आहे. १९८८ मध्ये अवघ्या पाच संघांनिशी सुरू झालेल्या या तिसऱ्या लीगचे सामने मी गेले काही हंगाम नियमाने पाहत आहे. तिचा गुणतक्ता वाचायचा तर आघाडीवर कोण आहे यापेक्षा कोणत्या संघातून कोण निघून गेले, हे आधी पाहावे, असे माझे मत झाले आहे.

येथील बहुतेक संघ वरच्या लीगमधील एखाद्या संघाशी संलग्न असतात. एनएचएलमधला गोलरक्षक जायबंदी झाला की एएचएलमधला वर जातो आणि त्याच्या जागी ईसीएचएलमधल्याला बोलावणे येते. त्यामुळे ज्याच्या जोरावर संघ सलग सामने जिंकत होता, तोच ऐन भरात निघून जातो. संघाच्या दृष्टीने हा अन्याय असला, तरी लीगचे प्रयोजनच ते आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? याच लीगमध्ये गोलरक्षक जोनाथन क्विक रेडिंगकडून, ब्रेडन होल्टबी साउथ कॅरोलायनाकडून आणि जॉर्डन बिनिंग्टन कॅलामाझूकडून खेळले, आणि पुढे तिघांनीही एनएचएलचा स्टॅनले कप जिंकला.

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघाला ७२ सामने खेळावे लागतात. प्रेक्षक प्रामुख्याने शनिवार-रविवारला जोडून येत असल्याने शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे लागोपाठ तीन सामने आणि मधला बसप्रवास, हे येथे नित्याचेच. या थकव्याचा खरा हिशेब तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात लागतो. त्या सत्रात बाजू बदललेल्या असल्यामुळे आपल्या गोलपासून राखीव खेळाडूंचा बाक लांब पडतो. दमलेल्या बचावपटूला बदली होऊन बाहेर जायचे म्हटले तरी तेवढी उसंत मिळत नाही. मग तो सुटकेसाठी पक (खेळातली रबरी चकती) सरळ दुसऱ्या टोकाला भिरकावतो, पंच ‘आयसिंग’ देतात आणि नियमानुसार त्याच पाच दमलेल्या खेळाडूंना आपल्याच गोलसमोर पुन्हा उभे राहावे लागते. मला विचाराल तर रविवारचे असे कित्येक पराभव कौशल्याच्या अभावापेक्षा वेळापत्रकाच्या खात्यावर मांडायला हवेत.

म्हणूनच या लीगमध्ये प्रशिक्षकाची कसोटी अधिक कठीण वाटते, कारण आज बसवलेली जोडी पुढच्या आठवड्यात टिकेलच याची त्याला खात्री नसते. जॅरेड बेडनार यांनी २००९ मध्ये साउथ कॅरोलायनाला ईसीएचएलचा केली कप मिळवून दिला, २०१६ मध्ये एएचएलचा कॅल्डर कप आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोसह स्टॅनले कप जिंकला. फ्लोरिडा एव्हरब्लेड्सने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे केली कप राखला, तोही मला कोणत्याही एका खेळाडूच्या पराक्रमापेक्षा मोठा वाटतो.

अर्थात, कधीकधी खेळाडूच काय, अख्खा संघच जातो. न्यूफाउंडलंड ग्राउलर्सने २०१८-१९ च्या आपल्या पदार्पणाच्या हंगामातच केली कप पटकावला होता. एप्रिल २०२४ मध्ये, साखळी सामने संपायला थोडेच दिवस उरले असताना, लीगने त्यांचे सदस्यत्व रद्द केले.