लाइट आल्यावर बंद पडणारा राउटर

डोंगरावरच्या खोलीतला राउटर तिसऱ्यांदा गप्प झाला, तेव्हा पहाटेच निघालो. गाडीने चार तास, पुढे तासाभराची पायवाट. पाठीवर बॅटरी, लॅपटॉप, मल्टीमीटर. राखणदार काकांनी फोनवरच सांगितलं होतं, "लाइट जाताना काही होत नाही, येताना होतं." मी मनात हसलो होतो.

पोचलो तर सगळे दिवे हिरवे. इंटरनेट चालू, फक्त वायरगार्डचं टनेल, म्हणजे इंटरनेटवरून माझ्या सर्व्हरपर्यंत जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग, बंद. राउटरची तारीख पाहिली तर चार महिन्यांपूर्वीची! बहुतेक राउटरांत सेलवर चालणारं घड्याळ नसतं, लाइट गेली की वेळ विसरली. राउटर चालवणारं ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर चालू होताना सेटिंगच्या फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची तारीख धरतं आणि खरी वेळ मग एनटीपीकडून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेकडून घेतं. मी मात्र हौसेने सगळा ट्रॅफिक टनेलमधूनच वळवला होता, एनटीपीसुद्धा. आणि वायरगार्डचा सर्व्हर आधीच्या हँडशेकपेक्षा (जोडणी सुरू करतानाच्या ओळखीपेक्षा) जुना वेळशिक्का आला की तो सरळ फेकून देतो. म्हणजे टनेलला वेळ हवी आणि वेळेला टनेल.

चडफडाट याचा, की घरी बसून सर्व्हरवरचा तो पीअर (म्हणजे या राउटरची नोंद) काढून पुन्हा घातला असता तरी काम झालं असतं, कारण शेवटचा शिक्का पीअरसोबतच पुसला जातो. तेव्हा निघण्याआधी हे एकदा करून बघा. कायमचा उपाय म्हणून एनटीपी सर्व्हरचा पत्ता नावाने न देता आकड्यांत, म्हणजे आयपीने दिला आणि त्याचा रूट टनेलच्या बाहेरून काढला.

आलोच होतो, तर बॅटरीचंही उरकलं. राउटर आणि मोडेम मिळून ९ वॉट खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर ८४ वॉट-तास असतात, पण ती निम्म्याखाली उतरवू नये. कन्व्हर्टरमधली गळती धरली की चार तास हाती लागतात. बॅटरी थेट राउटरला जोडू नका. चार्ज होताना ती १४ व्होल्टच्या वर जाते, उतरताना १२ च्या खाली येते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवाच.

खरी गंमत बॅटरी संपत आल्यावर सुरू होते. बॅटरी फार उतरू नये म्हणून लावलेल्या कटऑफने लोड तोडला की बॅटरीचा व्होल्टेज जरा वर येतो, कटऑफ पुन्हा जोडतो, व्होल्टेज पुन्हा पडतो. राउटर मिनिटाला तीनदा चालू-बंद. म्हणून तोडायचा आणि जोडायचा आकडा वेगवेगळा लावता येईल असाच कटऑफ घ्या. मी १२ ला तोडतो आणि १३ ला जोडतो. १३ म्हणजे चार्जिंग सुरू झालंय याची खात्री.

राउटरच्या पॉवर पिनकडेही लक्ष द्या. २.१ आणि २.५ मिलिमीटरचे प्लग दिसायला सारखेच. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर बसतो, पण सैल. केबलला हात लागला की राउटर रीस्टार्ट. मी यात अर्धा तास घालवला.

निघण्याआधी बॅटरीसकट वीज तोडून दहा वेळा चाचणी घेतली. सहा वेळा सगळं सुरळीत. सातव्यांदा राउटर उठला, मोडेम लटकला. लटकलं की रीस्टार्ट करणारा वॉचडॉग राउटरमध्ये होता, मोडेमकडे कोण बघणार? पिशवीत एक रिले (विजेने चालणारा स्विच) होता, तो मोडेमच्या वायरीत घातला. आता दोन वेगळ्या पत्त्यांना दहा मिनिटं पिंग (हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) लागला नाही, की राउटर मोडेमची वीज अर्धा मिनिट तोडतो, पण तासाला एकदाच. लाइनच तुटलेली असेल तर तो मोडेम रात्रभर आपटत बसायला नको.

मग दहाची मोजणी पहिल्यापासून. त्यात अंधार पडला आणि पायवाट टॉर्चवर उतरावी लागली. टॉर्च काकांचा, माझा गाडीतच राहिला होता.