बारा रोल, पाच दिवस आणि आकाशातले ठिपके

डोंगरात पाच दिवस भटकायला निघालो तेव्हा पाठपिशवीत १२० फिल्मचे (मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या रुंद फिल्मचे) बारा रोल होते: चार वेल्व्हिया ५० (रंगीत स्लाइड), पाच पोर्ट्रा १६० (रंगीत निगेटिव्ह) आणि तीन एफपी४ (कृष्णधवल). कॅमेरा ६×७ सेंटिमीटर चौकटीचा, म्हणजे एका रोलवर दहाच फोटो. चार रोल कोरेच परत आले. वापरलेल्या आठांपैकी एक माझ्या घाईने वाया गेला, आणि नेमकी सगळ्यात देखणी पहाट त्याच्यावर होती.

चूक नेताना झाली. फिल्म उन्हाने खराब होईल या भीतीने रोल बर्फाच्या पाकिटांसोबत थर्मल पिशवीत कोंबले. पहिल्या पहाटे दरीतून धुकं वर आलं, डोंगराच्या कडेला गुलाबी रंग चढला आणि मी थंडगार रोलचं वेष्टन तिथल्या तिथे फाडलं. बॅकिंग पेपर, म्हणजे फिल्मच्या पाठचा कागद, अंगठ्याला ओलसर लागला. तेव्हाच थांबायला हवं होतं. डेव्हलप केल्यावर सगळ्या आकाशात ठिपक्यांची जाळी!

फ्रिजमधला रोल बंद वेष्टनातच तासभर बाहेर राहू द्या, फ्रीजरमधला असेल तर त्याहून जास्त. मुळात चार-पाच दिवसांसाठी बर्फ लागतच नाही. पिशवीच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळलेले रोल मजेत राहतात. उन्हात उभ्या गाडीत मात्र घटकाभरही ठेवू नका. घरी महिनोन्‌महिने ठेवायचे असतील तर फ्रिज हवाच. दमट उकाड्यात बॅकिंग पेपरवरचे आकडे फिल्मवर उमटू शकतात.

आता निवडीचं. वेल्व्हियाचे रंग बघून जीव हरखतो, पण तिला उजेड-सावलीतला जेमतेम पाच स्टॉपचा फरक झेपतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजळलेलं आकाश आणि सावलीतला कातळ यांत मला सात स्टॉप मिळाले. ग्रॅज्युएटेड फिल्टर (आकाशाच्या बाजूला गडद असलेली काच) नसेल तर अशा वेळी पोर्ट्राच काढा, उजेड मोजायचा मीटर सावलीवर धरा आणि एखादा स्टॉप जास्त द्या. ती सांभाळून घेते. स्लाइडचं उलटं, तिथे उजेड जपायचा. पुढच्या खेपेला वेल्व्हिया दोनच नेणार.

ओढ्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर लांब एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवण्याचा, हिशेब आधीच करून ठेवा, कारण इतक्या वेळात फिल्म मंदावते. मीटरने ३० सेकंद सांगितले की एफपी४ ला सुमारे ७३ द्यावे लागतात. प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म मात्र दोन मिनिटांपर्यंत काही वाढवून मागत नाही. ती न नेल्याची चुटपुट त्या ओढ्याकाठी लागली.

रोल संपला की सावलीत, निदान स्वतःच्या अंगाच्या आडोशाला काढा. स्पूल घट्ट धरा, टोक आत दुमडून पट्टी चिकटवा. सैल गुंडाळला तर कडांनी उजेड शिरतो. विमानाने जाणार असाल तर फिल्म चेक-इन सामानात सोडू नका. हातात घेऊन हाताने तपासायची विनंती करा. नवीन सीटी स्कॅनरमधून एकदा गेली तरी फिल्म धुरकटू शकते. वापरलेले रोल घरी साठवत बसू नका, लगेच लॅबला द्या.

उरलेले चार रोल फ्रिजमध्ये गेलेत. डबीवर चिठ्ठी लावली आहे: "डोंगर फिरून आलेले, आधी वापरणे."