बरें जालें

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

लॅपटॉपचा आवाज गेलाय हे घरात चौथ्या दिवशी कळलं. तेही मीच सांगितलं म्हणून. ही तव्यावरचा पोळो उलटत म्हणाली, "बरें जालें." बस्स, एवढंच.

बरं कशाचं झालं, हे विचारायचं राहून गेलं. दिवसभर तेच डोक्यात.

तसा उद्योग माझाच. विंडोज 10चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले, आणि आमच्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज अकराची वाट बंद. भाच्याचं ऐकून शनिवारी विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टिम टाकली. (त्यापायी म्हापशाला जायचं राहिलं. असो.) वायफाय आलं, प्रिंटरही मुकाट आला. आवाज तेवढा नाही. सेटिंगमध्ये आउटपुटखाली एकच नाव: डमी आउटपुट. घरातली माझी जागा इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितली नव्हती.

रविवारी सगळे अपडेट घातले, नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आलं, रीस्टार्ट केलं. साउंड कार्ड दिसू लागलं. गाणं लावलं की पट्टी नाचते, कानाला काही नाही. आवाजाची जेवढी बटणं सापडली तेवढी शंभरावर नेऊन ठेवली. तरी शांत. बाहेर पाऊस आणि सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा, एवढेच काय ते आवाज. आजही मी गप्प बसलो असतो तर? पाचव्या दिवशी तरी कुणी विचारलं असतं का? हिला तो आवाज नको होता, की लावणारा?

आज वीज दोनदा गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, टर्मिनल उघड, अल्सामिक्सर लिही, एफ6 दाब." दोन कार्डं निघाली, एक एचडीएमआयचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या वायरीचं, एक खरं. खरं निवडलं. उभ्या पट्ट्या रांगेत, सगळ्या भरलेल्या, आणि स्पीकरच्या पट्टीखाली दोन बारकी अक्षरं: एमएम. म्हणजे म्यूट. चार दिवस शंभर टक्के आवाज, तोंडावर हात ठेवून.

एम दाबला. एमएमच्या जागी दोन शून्यं आली.

मागे काय लावून ठेवलं होतं ते विसरलो होतो. गेल्या चवथीची आरती. सगळं शंभरावर. घुमट, आमचं ते मातीचं तालवाद्य, असं कडाडलं की शेजारचं कुत्रं उठलं आणि वहिनींच्या पडवीत दिवा लागला. बंद करायला धडपडलो तर माऊस सापडेना. तेवढ्यात दुसऱ्या कडव्यापाशी ताल घसरला, स्पष्ट ऐकू आला. वर्षभर मी तो दत्ताच्या माथी मारत होतो. घुमटावर तेव्हा मी होतो.

आतून झोपाळू आवाज आला, "आयलो?"

"आयलो," म्हटलं.

"मात्सो ल्हान कर."