आमची वाटचाल : भजनाच्या सीडीपासून दर्याच्या अल्बमपर्यंत

नमस्कार मंडळी. फोंड्यातला आमचा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ 2010 साली सुरू झाला, म्हणजे खरं तर तो बाबांचा मंडप-माईकचा गोडाऊन होता, जत्रेतल्या नाटकांना आणि लग्नांना साउंड पुरवायचा आमचा घरचा धंदा, तिथलाच एक कोपरा मी मागून घेतला, भिंतीला रॉकवूल भरलं, दाराला रबराची पट्टी मारली, एक कॉम्प्युटर आणि दोन माईक घेऊन बसलो. पहिलं काम भजनी मंडळाची सीडी. मग नाट्यगीतं, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणुकीत गाडीवर वाजणारी अनाऊन्समेंट, दुकानांच्या जाहिराती. याच कामांनी आमचं घर चालवलं आणि आजही चालवतात, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये बुकिंग शून्यावर आलं. त्याआधी एका हॉटेलवाल्याला लॉबीसाठी म्युझिक करून दिलं होतं, त्याचेही पैसे बुडाले, नाव नाही घेत. रिकाम्या स्टुडिओत बसून मी जुनं काहीबाही ऐकायचो, आणि तेव्हा डोक्यात बसलं की आपण गोव्यात राहतो, आपल्याकडे जॅझ काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत मुंबईला गेले आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचा बँड घुमला, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, तिथून ही सगळी मंडळी तयार झाली. आणि दुसऱ्या बाजूला आमच्या फोंडा तालुक्यातलंच मंगेशी, मास्टर दीनानाथांचं गाव. हे दोन्ही एका खोलीत बसले तर?

गाणी लिहिली पेडण्याच्या एका शिक्षिकेने. तिचा नवरा तारवटी, सहा-सात महिने बोटीवर. त्यामुळे तिच्या प्रेमाच्या गाण्यात चांदणं कमी आणि अर्ध्यात तुटणारा व्हिडिओ कॉल, तिकडे रात्र असताना इकडे उकळणारा चहा, सुटकेसला लागलेला खाऱ्या वाऱ्याचा वास हे जास्त. वाचल्यावर मी तिथेच ठरवलं की हा अल्बम करायचा, पैसे मिळोत न मिळोत.

गायिका नाट्यसंगीतात तयार झालेली, सॅक्सोफोनला सासष्टीतले सत्तरीचे अंकल. पहिल्या दिवशी काही म्हणजे काही जमेना. तंबोऱ्यावर वाढलेला गळा, तिला ओळ 'सा'वर आणून सोडायची सवय, आणि जॅझच्या मेजर सेव्हन्थ कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो, तो 'सा'ला अगदी खेटून, त्यामुळे ती 'सा'वर थांबली की घासल्यासारखं वाटायचं. ती म्हणाली, "दादा, कोणीतरी माझा सा खाली ओढतंय." दोन दिवस आम्ही यावरच बसलो. शेवटी ओळी गंधारावर नाहीतर पंचमावर सोडायला लागलो आणि एकदम सगळं मोकळं झालं. शिवाय रिकामी जागा दिसली की तिची तान यायची, मग अंकल सॅक्स खाली ठेवून प्रेमाने म्हणायचे, "बाय, मात्शें राव गे," म्हणजे जरा थांब. चौथ्या दिवसापासून ती थांबायला लागली, आणि त्या थांबण्यातच गाणं होतं.

रेकॉर्डिंग जूनमध्येच करावं लागलं, कारण सीझनमध्ये हे वादक हॉटेलात वाजवतात, पावसाळ्यातच हाताला लागतात. पण ओलाव्याने पियानोचं लाकूड फुगतं, तारा ताणतात आणि सूर चढतो. हवा कोरडी करणारा डिह्युमिडिफायर आणला तर त्याचा आवाज माईकमध्ये, म्हणून टेकच्या आधी बंद करायचा, टेक झाला की परत चालू. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की सगळे बाहेर चहाला.

आता दर्याची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. दर्याचा अल्बम म्हणजे लाटांचा आवाज हवाच, हे मी धरूनच चाललो होतो. पहाटे केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली माईकला केसाळ टोपी घालून दोन तास लाटा रेकॉर्ड केल्या. ऐकायला इतकं सुंदर! पण गाण्याखाली लावलं आणि सगळं मातीत. फुटणाऱ्या लाटेत खालपासून वरपर्यंत सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात, ती गायिकेचे स आणि श खाऊन टाकते, झांजेची चमक खाते, मागे नुसती टेपची सरसर वाटते. आठवडाभर इक्यू करून, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून, थकलो. मग ड्रमरने स्नेअर ड्रमवर ब्रश घेतले आणि काठ्यांसारखं न मारता कातड्यावर हळू गोल फिरवत राहिला, मिनिटाला साधारण 66 ठोक्यांच्या लयीत, आणि बासवाल्याला सांगितलं की दर दुसऱ्या मात्रेला तू गप्प रहा. मी कंट्रोल रूममध्ये डोळे मिटून बसलो होतो, वाळूवरून पाणी मागे जातंय असं हुबेहूब वाटलं. किनाऱ्यावरचं रेकॉर्डिंग त्याच रात्री बाजूला काढलं.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाण्यांवरच्या शेवटच्या हातात, आवाज मुद्दाम कमी ठेवला. स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी मोठ्या आवाजाची गाणी आपोआप -14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास खाली आणतात, मग उगाच ओरडून काय फायदा, त्यात श्वासाचे आवाजच मरतात.

स्ट्रीमिंगचे पैसे अगदी थोडे येतात. पण मडगावच्या एका लग्नाच्या रिसेप्शनला हीच मंडळी लाईव्ह बोलावली, तिथून पुढे अजून कामं आली, आणि आता पावसाळ्याचे दिवस याच मंडळींसाठी राखून ठेवतो. शिक्षिकेचा नवरा मागच्या महिन्यात बोटीवरून आला, स्टुडिओत बसून आठही गाणी हेडफोन लावून ऐकली, मग बायकोला म्हणाला, "तो कॉल तुटला तेव्हा तू काय बोलत होतीस ते मला आज कळलं." चवथीआधी भजनी मंडळांची गर्दी असते, ती उरकली की पुढच्या गाण्यांना बसतोय.