दहा तारांची व्हिओला आणि घरातली बारा तारांची गिटार

ब्राझीलचं सेर्तानेजो संगीत यूट्यूबवर शोधलं की आधी दिसतात ती स्टेडियमं, धूर, प्रचंड पडदे आणि प्रेमभंग. ज्या काइपिरा गाण्यांतून हे सगळं निघालं ती साओ पाउलो, मिनास जेराइस, गोयास, मातो ग्रोसो इथल्या खेड्यापाड्यांतली. त्यांना दोन गळे आणि एक व्हिओला एवढं पुरायचं.

नाव व्हायोलिनच्या कुळातल्या व्हिओलाचं असलं तरी ही व्हिओला गजाने वाजवत नाहीत. पोर्तुगीजांनी आणलेल्या वाद्यांची ती वंशज. आकाराने गिटारपेक्षा लहान, तारेची लांबी साधारण ५८ सेंमी, आणि दहा पोलादी तारा पाच जोड्यांत. पहिल्या, म्हणजे चढ्या सुरांच्या, दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात, उरलेल्या तिन्हींत एक जाड आणि एक तिच्या सप्तकभर वरची बारीक. काही वाजवणारे वाद्याच्या पोटात रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा टाकतात. आवाज सुधारतो आणि दृष्ट लागत नाही, असं म्हणतात. आवाजाचं काही सांगता येत नाही, दृष्टीचं तर नाहीच.

सूर लावण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत, पण सगळ्यात चालती म्हणजे सेबोलाँव. पाचव्या जोडीपासून पहिलीपर्यंत बी, ई, जी शार्प, बी, ई. म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की सरळ ई मेजर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते स्वर. पाचव्या फ्रेटवर बोट आडवं टाकलं की ए, सातव्यावर बी. तीन कॉर्डची गाणी एवढ्यात निघतात. हीच रचना एक स्वर खाली उतरवली की ए, डी, एफ शार्प, ए, डी: डीमधला सेबोलाँव.

आपल्याकडे व्हिओला मिळणं कठीण, पण बारा तारांची गिटार मिळते, आणि डीमधला सेबोलाँव तिच्यावर एकही तार न बदलता लागतो. सहावी जोडी काढा. पाचवी ए आणि चौथी डी आहेत तशाच ठेवा. तिसरी जोडी जीवरून अर्धा स्वर उतरवून एफ शार्प करा, दुसरी बीवरून ए, पहिली ईवरून डी. जाड-बारीक तारांची मांडणी दोन्ही वाद्यांत सारखीच असल्याने सप्तकंही आपोआप जुळतात. ट्यूनरवर जोडीतली एक तार बोटाने दाबून दुसरी लावा. दोन्ही एकदम वाजल्या तर काटा नाचत राहतो. शेवटी कानाने तपासा: पाचव्या जोडीतली बारीक तार दुसऱ्या जोडीशी आणि चौथीतली पहिलीशी तंतोतंत मिळाली पाहिजे.

ईमधल्या सेबोलाँवच्या मोहात पडू नका. त्यात तिसऱ्या जोडीतली बारीक तार जीवरून वर जी शार्पला चढवावी लागते. मुळात ती गिटारमधली सगळ्यात ताणलेली तार, आणि इथे लांबी ५८ नव्हे, ६५ सेंमीच्या आसपास. तुटते ती तीच. दुसरी अडचण उलटी: दोन तारा निघाल्या, सहा सैल झाल्या, ताण कमी झाला, मान मागे सरळ झाली आणि पहिल्या काही फ्रेटवर तारा खरखरू लागल्या. मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडा, म्हणजे पाव फेऱ्यापेक्षाही कमी, सैल करून पाहा. त्या वाटेला जायचं नसेल तर सहावी जोडी न काढता तिच्याखाली कापडाची पट्टी सारा. ताण राहतो, गुंजन थांबतं.

आता खरी गंमत. काइपिरा गाण्याचा प्राण म्हणजे तिसऱ्या स्वराच्या अंतराने बरोबर चालणारे दोन आवाज. बहुतेकदा वरचा आवाज चाल धरतो, खालचा सावलीसारखा. हेच व्हिओलाच्या पहिल्या दोन जोड्यांवर निघतं. पहिल्या जोडीवर ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२ आणि त्याच वेळी दुसरीवर २, ४, ५, ७, ९, १०, १२, १४. बोटांमधलं अंतर कधी एक फ्रेट, कधी दोन. नवशिके एकच अंतर धरून वरखाली सरकतात आणि प्रत्येक दुसरा-तिसरा सूर बेसूर होतो. गाणाऱ्यांचंही तेच: दुसऱ्याने सप्तकातले स्वर धरायचे, मोजून चार अर्धस्वर नव्हे. गोव्याच्या मांडोतही दोन आवाज असेच चालतात, हे तिथल्या वाचकांच्या कानाला लगेच ओळखू येईल.

मोदा दे व्हिओला या प्रकारात गोष्ट सांगितली जाते: बैल, गुराखी, खून, प्रवास. गाताना व्हिओला कॉर्ड वाजवत नाही, गळ्यांच्या मागे तीच जोडचाल काढते. ठेका येतो तो कडव्यांच्या मधे. म्हणून ताल शोधत बसणारा श्रोता इथे वैतागतो. साओ पाउलोतल्या तिएते गावचा लेखक कोर्नेलिओ पिरेस याने १९२९ साली स्वतःचे पैसे घालून या गाण्यांच्या तबकड्या काढल्या आणि खेड्यातलं गाणं बाजारात आलं.

पुढे पॅराग्वेची ग्वारानिया ही संथ गाणी आली, मेक्सिकोची रांचेरा गाणी आणि ट्रम्पेट आले, विजेची गिटार आली. १९८२ साली शितांवझिन्यो आणि शोरोरो या गायकजोडीच्या तबकडीने दहा लाखांचा खप ओलांडला, तोवर व्हिओला बरीच मागे पडली होती. जोडआवाज मात्र टिकला. माझ्या मते नव्या गाण्यांतला खेड्याशी उरलेला सगळ्यात भक्कम धागा तोच; टोपी आणि बूट हा नुसता पोशाख.

व्हिओला पुढे आणायची तर व्हिओलावादक तियाँव काहेइरोचा पागोदे हा गाण्याचा प्रकार ऐका, १९६०च्या सुमाराचा. व्हिओला एक ठेका धरते, साथीची गिटार दुसराच, ज्याला सिपो-प्रेतो म्हणतात, आणि दोन्ही एकमेकांच्या फटींत बसतात. उजव्या हाताने छेडता छेडता तारा तळव्याने झटकन दाबायच्या असतात. हा दाब उशिरा पडला तर सगळा ठेका चिकट होतो, म्हणून आधी डावा हात बाजूला ठेवून, मोकळ्या तारांवर, अर्ध्या लयीत बसवा. गिटारवाला त्यानंतर बोलवा.