टॅबचं सॉफ्टवेअर फुकटचं की विकतचं?

"सर, टॅबसाठी ते सॉफ्टवेअर पैसे भरून घ्यायचं का? की फुकटातलं चालते?" नागपुरात प्रतापनगरला मी गिटार शिकवतो आणि बोटं जरा रुळली की जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी हे विचारतोच. पालकांचा सूर वेगळा असतो: "फी झाली, गिटार झाली, आता हेही घ्यायचं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो. टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कुठे दाबायचं हे आकड्यांत लिहिलेलं गिटारचं नोटेशन.

चालते. शिकण्यासाठी फुकटचं पुरतं.

मुळात सॉफ्टवेअर लागतंच कशाला? साध्या अक्षरांत टाइप केलेले टॅब इंटरनेटवर ढिगाने आहेत. सहा रेघा म्हणजे सहा तारा, सगळ्यात वरची रेघ ती सगळ्यात बारीक तार, रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट (गिटारच्या मानेवरचा कप्पा). कुठे दाबायचं ते यातून कळतं, पण तो सूर किती वेळ धरायचा हे बहुतेक वेळा कळतच नाही. गाणं कानात असेल तर निभतं, नसेल तर लय कोसळते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याला मात्रेतला त्याचा वाटा द्यावाच लागतो, आणि लिहिलेलं लगेच ऐकता येतं. अवघड जागा हळू करून, फिरवून फिरवून वाजवता येते. माझ्या लेखी खरा फायदा हाच, आणि तो टक्सगिटार नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पैसाही न देता मिळतो. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं, विंडोज असो की लिनक्स.

विकतचं म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गिटार प्रो येतं. अरोबास म्युझिक या फ्रेंच कंपनीने ते 1997 मध्ये आणलं आणि त्याच्या फायली जगभरच्या गिटारवाल्यांची देवाणघेवाणीची भाषाच झाल्या. म्हणूनच टक्सगिटार आणि म्यूजस्कोर ही दोन्ही फुकटची सॉफ्टवेअरं त्या फायली उघडतात. तयार टॅब वाजवून बघण्यासाठी कुणी पैसे भरू नयेत, हे मी ठामपणे सांगतो.

पण आपली गाणी घ्या. इंग्रजी रॉकच्या फायली तयार मिळतात; भावगीत किंवा अभंग शोधलात तर बहुतेक वेळा नुसत्या कॉर्ड हाती लागतात. म्हणजे चाल आपल्यालाच लिहावी लागते, आणि लिहायला बसलं की सॉफ्टवेअरचा कस लागतो. मी मुलांना रूपक तालातलं काहीतरी लिहायला देतो. सात मात्रा, तीन-दोन-दोन. सात मात्रांचा बार सगळीकडे करता येतो, पण आठव्या भागांचे सूर (एट्थ नोट) तीन-दोन-दोन असे आडव्या रेघेने जोडलेले दिसले तरच वाचणाऱ्याला ताल डोळ्यांनी कळतो. म्यूजस्कोरमध्ये ती जोडणी आपण ठरवू शकतो. शिवाय टॅब आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) एकमेकांना बांधलेले राहतात: एकीकडे बदललं की दुसरीकडे आपोआप बदलतं. कीबोर्डवाला मित्र सोबत असेल तर याचं मोल कळतं. डिसेंबर 2023 च्या 4.2 आवृत्तीत तार ओढून सूर चढवण्याच्या खुणा त्यांनी नव्याने बसवल्या. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, लिहू पाहणाऱ्यासाठी मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

मग सत्तर डॉलरच्या आसपासचं गिटार प्रो कुणी घ्यावं? आपल्याकडे तेवढ्या पैशांत नवशिक्याची बरी गिटार येते, त्यामुळे मी हात राखूनच सांगतो. आवाज हे एक कारण. टक्सगिटारचा मिडी, म्हणजे कॉम्प्युटरने वाजवलेला, आवाज पातळ असतो (साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, बदलून सुधारतो), गिटार प्रोचा कानाला खऱ्या वाद्याच्या जवळ वाटतो. दुसरं कारण वेग: कीबोर्डवरून आकडे टाकत जायची तिथली सोय मला सगळ्यात सरस वाटते. आठव्या आवृत्तीत मूळ ध्वनिमुद्रण टॅबला जोडून दोन्ही एकत्र चालवता येतं. ऐकून उतरवून घेणाऱ्याला यासारखं सुख नाही. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बास, ड्रम आणि दोन गिटारींचं सगळं बसवणारा मुलगा, किंवा माझ्यासारखा रोज पानं छापून देणारा शिक्षक, यांचे पैसे वसूल होतात. एकदाच भरायचे असतात, दरमहा नाहीत. लिनक्सवाल्यांनी मात्र जपून, सातव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी ते निघत नाही.

पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली प्रत माझ्या क्लासमध्ये नको. इतकं चांगलं फुकट उपलब्ध असताना चोरीला कारणच उरत नाही, आणि घरच्या कॉम्प्युटरवर वडिलांचे बँकेचे व्यवहारही होत असतात.

काहीही वापरलंत तरी लिहिलेल्याची एक प्रत म्युझिकएक्सएमएलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या फाइलच्या प्रकारात) काढून ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी सूर आणि मात्रा हातच्या जात नाहीत. आणि गिटार प्रो घ्यायचंच ठरलं तर आधी त्याची मुदतीची चाचणी प्रत उतरवा. परीक्षा संपल्यावर उतरवा, नाहीतर मुदत अशीच निघून जाते.